ओढून नेल्या जाणाऱ्या यंत्रांचा तोल कोण तपासणार? रस्तेकामे देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईत रस्त्यांची कामे मंजूर करणारे अधिकारी व अभियंते,
ती कामे घेणारे कंत्राटदार,
आणि मिक्सर, कॉम्प्रेसर, जनरेटर भाड्याने देणारे सर्व व्यावसायिक

स.न.वि.वि.

‘यंत्रसामग्रीची ने-आण ही कंत्राटदाराची अंतर्गत बाब असून तिच्याशी या कार्यालयाचा संबंध नाही.’ रस्तेकामाची यंत्रे ओढून नेताना त्यांची तपासणी कोण करते, असे विचारणाऱ्या माझ्या अर्जाला आलेल्या लेखी उत्तरातले हे वाक्य आहे. कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही, कारण उत्तर एका टेबलावरून आले असले तरी ही समजूत सगळीकडची आहे. कामाच्या जागी कठडे लावलेत का, मजुरांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, हे पाहायला तुमची माणसे येतात. पण तिथलीच यंत्रे टेम्पोच्या मागे अडकवून भर वस्तीतून, उड्डाणपुलांवरून, शाळा सुटायच्या वेळेला ओढत नेली जातात तेव्हा त्यांना कोणी वाली नसतो. हे मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मी कुर्ल्यात ट्रॉल्या बनवतो. जनरेटरच्या, कॉम्प्रेसरच्या, पाण्याच्या टाक्यांच्या, मंडपवाल्यांच्या सामानाच्या. वर्कशॉप वडिलांनी सुरू केले, वेल्डिंग मी तिथेच शिकलो. तुमच्यापैकी कित्येकांची यंत्रे माझ्याच दारात दुरुस्तीला येतात. धंदा बंद पाडा असे मी कधीच म्हणणार नाही. माझे घर त्याच्यावरच चालते. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जे घडले त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नाही.

माझी धाकटी बहीण कामावरून रिक्षाने घरी येत होती. पूर्व उपनगरातल्या एका उड्डाणपुलाचा चढ, पुढे टेम्पो आणि टेम्पोच्या मागे दोन चाकांचा काँक्रीट मिक्सर. पुलाच्या सांध्यावर टेम्पो उसळला आणि मिक्सर सुटला. उताराने मागे येऊन तो सरळ रिक्षाच्या तोंडावर आदळला. रिक्षावाल्याचे मनगट मोडले, बहिणीचा गुडघा. आजही ती कठडा धरल्याशिवाय जिना चढू शकत नाही.

मी पोहोचलो तोवर मिक्सर कडेला लावला होता. टेम्पोच्या हुकात पिन म्हणून सळईचा तुकडा घातला होता. बांधकामावरची १२ एमएमची सळई, वरचे टोक वाकवलेले. खाली क्लिप नाही, क्लिपसाठी भोकही नाही. एका अंगाला सळईवरच्या रेघा घासून पार गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ही सोय त्या दिवसापुरती केलेली नव्हती. सेफ्टी चेनचा पत्ता नव्हता. आणि मिक्सरच्या मागच्या अंगाला असलेल्या हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या हौदात, सिमेंटच्या सहा गोण्या, वर घमेली आणि फावडी. गोणी ५० किलोची. म्हणजे ३०० किलो वजन चाकांच्या मागे.

पोलीस टेम्पोच्या ड्रायव्हरला घेऊन गेले. विशीतला पोरगा. गोण्या त्याने भरल्या नव्हत्या, सळई त्याने वाकवली नव्हती, मिक्सर न्यायचा की नाही हे त्याला कोणी विचारले नव्हते.

चाकांच्या मागे ३०० किलो ठेवले की काय होते, हे ज्याने बैलगाडी भरताना पाहिली आहे त्याला सांगायला नको. माल मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून गाडीवान जड पोती आसाच्या किंचित पुढे रचतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचे गणित तेच आहे. तिच्या दांड्याने, म्हणजे तिला गाडीच्या हुकाशी जोडणाऱ्या पुढच्या भागाने, हुकावर ठरावीक भार टाकलाच पाहिजे. आमच्या कामात धरला जाणारा साधा हिशोब असा : भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांड्यावर यावे. त्यासाठी मालाचा साधारण ६० टक्के भाग ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढे लागतो.

जनरेटरचे उदाहरण घ्या, ते रोजचे आहे. समजा जनरेटर आणि ट्रॉली मिळून १,५०० किलो आहे आणि दांड्यावर १५० किलो येतात. बनवणाऱ्याने नीट बनवली आहे. हुकापासून ॲक्सल तीन मीटरवर. आता मंडपाकडे निघताना पोरे केबलची १०० किलोची बंडले मागच्या जाळीवर टाकतात, ॲक्सलच्या दीड मीटर मागे. त्याने दांड्यावरचे ५० किलो उतरले. मग दोन हेल्पर मागेच बसतात, मिळून १२० किलो. आणखी ६० किलो गेले. उरले ४०. एकूण वजन झाले १,७२० किलो, म्हणजे दांड्यावर किमान १७२ हवे होते. उभ्या गाडीकडे पाहून यातले काहीही कळत नाही. ट्रॉली सरळ दिसते, हूक लागलेला असतो, पोरे हसत बसलेली असतात.

कळते ते वेग घेतल्यावर. दांडा हलका असला की ट्रॉलीचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते. कमी वेगात झोका आपोआप शमतो. एका मर्यादेपुढे तो शमत नाही, प्रत्येक फेरीला वाढत जातो आणि ट्रॉलीच ओढणाऱ्या गाडीला फिरवते. उतारावर हे जास्त घडते, कारण तिथे ट्रॉली मागून ढकलत असते. जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा) उतार, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचा पूल, पूर्व द्रुतगती मार्गावरचे पूल, रात्री रस्ता मोकळा मिळाला की याच ठिकाणी टेम्पो वेग घेतात. आणि झोका सुरू झाला की घाबरून ड्रायव्हर कचकन ब्रेक दाबतो, जे अजिबात करू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे, गाडी आपोआप मंदावू द्यायची. हे आपल्या ड्रायव्हरांना कोणी शिकवले आहे?

चढावर दुसरीच गोष्ट होते. मिक्सरचा ड्रम, जनरेटरची कॅनपी म्हणजे वरची पेटी, ही सगळी उंच यंत्रे. चढाला ट्रॉली कलली की उंचावरचे वजन मागच्या बाजूला सरकते आणि दांडा आणखी हलका होतो. बहिणीच्या अपघातात हेच झाले. आधीच उलाळ झालेला मिक्सर, त्यात चढ, त्यात पुलाच्या सांध्याचा दणका. दांड्याच्या टोकाची कडी हुकात बसते, तिला खाली दाबून ठेवणारे वजनच नव्हते. प्रत्येक धक्क्याला ती वर उसळत राहिली आणि तिच्याबरोबर सळईही वर सरकत गेली.

वजन पुढे जास्त झाले तरी धोका टळत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या सगळा माल दांड्यावर रचला जाईल. तसे केले की छोट्या टेम्पोचे बूड खाली बसते आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग ऐकत नाही, ब्रेकची पकड जाते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. दोन्ही टोकांना वजन ठेवून काट्यावर तोल साधणे हाही उपाय नाही. तशी ट्रॉली एकदा झुलली की थांबायला मागत नाही. जड वस्तू ॲक्सलजवळ, थोडी पुढे, आणि शक्य तितकी खाली. बांधलेली असावी, नुसती ठेवलेली नको.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईत आणि आसपास वजनकाट्यांची वानवा नाही. ट्रॉली सोडवून पूर्ण काटा करा. मग ती गाडीला जोडून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर येतील अशी उभी करा आणि पुन्हा काटा करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांड्यावरचे वजन. जागेवरच मोजायचे तर त्याचीही युक्ती आहे. सपाट जमिनीवर चाके सरकू नयेत म्हणून त्यांना उटी लावायची. घरातला माणसे मोजायचा काटा घ्यायचा, त्याच्या उंचीची वीट शेजारी ठेवायची, दोहोंवर मजबूत फळी टाकायची. दांड्याचा टेकू विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अशा ठिकाणी फळीवर ठेवायचा. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट दांड्यावरचे वजन. आमच्याकडे नव्या ट्रॉलीचे वजन असेच करतो आणि दहा मिनिटांत होते.

आता तुमच्याविषयीच्या माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार काम देणाऱ्यांकडे. मजबुती तपासायला काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरून तुम्ही ७ आणि २८ दिवसांनी ते दाबून बघता, रजिस्टरला नोंद करता, सही घेता. ते काँक्रीट कालवणारे यंत्र ज्या अवस्थेत रस्त्याने आले, त्याची नोंद कुठेच होत नाही. मी पाहिलेल्या निविदांमध्ये यंत्राची क्षमता असते, संख्या असते, उत्पादनाचे वर्षही असते. ते कामावर कशाच्या मागे, कोणत्या हुकाला, किती वजनाने येणार याबद्दल एक ओळ नसते. काम तुमचे, पैसा नागरिकांचा, रस्ता नागरिकांचा. मग ही बाब ‘अंतर्गत’ कशी?

दुसरी कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे आपली ओढून न्यायची ट्रॉली, येतो. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे. कलम ११३ म्हणते की वेगळी तरतूद नसेल तर हवेचे टायर नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. आणि मी रोज काय पाहतो? भरीव रबराच्या, काही ठिकाणी चक्क लोखंडी चाकांचे मिक्सर. ती चाके कामाच्या जागेवर यंत्र दहा-वीस फूट सरकवण्यासाठी दिलेली असतात. त्यांवर सायन ते विक्रोळी ओढत नेण्यासाठी नव्हे. याच कलमात असेही आहे की अशा वेळी ड्रायव्हर हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे ड्रायव्हरला पुढे करून मालकाने घरी बसायचे, ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. ती आपण व्यवहारात करून घेतली आहे.

तिसरी तक्रार दंडाची. जादा वजनाला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. चांगले आहे. पण तो किती वजन याचा दंड आहे. वजन कुठे ठेवले याकडे कोणी बघत नाही. बहिणीला धडकलेला मिक्सर एकूण वजनात कदाचित बसलाही असता.

चौथी मास्टिक कुकरबद्दल, म्हणजे डांबराचा माल तापवायच्या चाकांवरच्या टाकीबद्दल, आणि ही मला सगळ्यांत गंभीर वाटते. खड्डे बुजवायला मास्टिक डांबर लागते, ते सुमारे २०० अंश सेल्सियसला तापवावे लागते, हे सगळे खरे. पण अर्धवट भरलेला कुकर दोन चाकांवर ओढला जातो तेव्हा आतला उकळता माल पुढे-मागे हिंदकळतो. ब्रेक मारला की दांड्यावर एकदम भार, वेग घेतला की दांडा हलका. पाण्याच्या टँकरमध्ये यासाठी आत आडव्या भिंती घालतात. अर्धा भरलेला, भिंती नसलेला टँकरही असाच धोकादायक असतो, पण त्यातून सांडले तर पाणी सांडेल. कुकरच्या मागे दुचाकीवर बसलेल्या माणसाचा विचार करा. काही वेळा खाली बर्नर पेटता ठेवून कुकर ओढताना मी स्वतः पाहिला आहे.

भाड्याने यंत्रे देणाऱ्यांना वेगळे सांगतो, कारण ते माझेच गिऱ्हाईक आणि मित्र आहेत. गणेशोत्सव, नवरात्र आले की एक जनरेटर एका रात्रीत तीन मंडपांत फिरतो. घाई असते, मला माहीत आहे. पण ट्रॉलीला ब्रेक नाही, मागे दिवा नाही, एका चाकात हवा कमी, ॲक्सल आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले, आणि ओढायला असा टेम्पो ज्याच्या कंपनीने ट्रॉली ओढायची परवानगीच दिलेली नाही, बंपरला पट्टी वेल्ड करून हूक बसवलेला. माझ्याकडेही असे काम मागायला येतात. मी नाही म्हणतो, मग ते पुढच्या गल्लीत करून घेतात. बंपर हा भार ओढण्यासाठी नसतो. हूक चॅसिसला पाहिजे, आणि त्याची उंची अशी पाहिजे की ट्रॉली जमिनीला समांतर राहील. हूक उंच असला की ट्रॉलीचे तोंड वर होते आणि वजन पुन्हा मागे जाते. एवढे करूनही मागे माणसे बसवलीत तर सगळे पाण्यात.

मी काय मागतो आहे, ते स्पष्ट लिहितो.

प्रत्येक निविदेत आणि भाडेकरारात ओढून नेण्याच्या यंत्रांसाठी अट घाला : ट्रॉली नोंदणी केलेली, हवेच्या टायरची, आणि ओढणारी गाडी ते वजन ओढायला उत्पादकाने मान्य केलेली असावी. ज्या यंत्रांना भरीव चाके आहेत ती ट्रकवर चढवूनच हलवावीत. त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा, कंत्राटदाराच्या माथी मारू नका. माथी मारलात तर तो पुन्हा सळईच वाकवेल.

प्रत्येक ट्रॉलीच्या दांड्यावर पत्र्याची पाटी हवी. रिकामे वजन, भरलेले कमाल वजन, दांड्यावर किमान किती आणि कमाल किती किलो. ॲक्सल कुठे आहे ती रेघ बाजूच्या पत्र्यावर रंगवा, म्हणजे भरणाऱ्या मजुराला न वाचताही कळेल की जड माल या रेघेच्या पुढे.

क्लिप असलेली पक्की पिन आणि दोन सेफ्टी चेन, दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घेतलेल्या. पिन निघालीच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाला पुरेल अशी साखळी बाजारात सहज मिळते. यात सवलत नको.

ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही. मागे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबर. कुकर तापलेला असताना हलवायचा नाही. हलवणे टाळताच येत नसेल तर तो ट्रकच्या हौद्यात पक्का बसवलेला असावा आणि बर्नर बंद.

साइट अभियंत्याने यंत्र आत येताना आणि बाहेर जाताना पिन, चेन, टायर, दिवे आणि मालाची जागा पाहून क्यूबच्या रजिस्टरसारखी नोंद करावी, सही करावी. परिवहन खात्याने आणि वाहतूक पोलिसांनी भर रस्त्यात कोंडी करून नव्हे, तर यंत्रे जिथून निघतात त्या यार्डांत जाऊन तपासणी करावी. आणि अपघात झाला तर चौकशी ड्रायव्हरपाशी थांबू नये. माल कोणी भरला, हूक कोणी बसवला, गाडी कोणी पाठवली, हे पंचनाम्यात आले पाहिजे.

बहिणीच्या अपघातात त्या सळईचा उल्लेख कागदावर यावा यासाठी मला बरेच हेलपाटे घालावे लागले. हेलपाटे घालायला मी होतो, आणि मला सळई आणि पिन यांतला फरक माहीत होता. रिक्षावाल्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. मनगट बरे होईपर्यंत त्याची रिक्षा दुसऱ्याच्या हातात होती. त्याचा आणि त्या ड्रायव्हर पोराचाही विचार या पत्रामागे आहे.

पावसाळा संपला की काँक्रिटीकरणाची कामे पुन्हा जोरात सुरू होतील आणि यंत्रे रस्त्यावर येतील. त्याआधी वरच्या मागण्यांवर निर्णय घ्या आणि तो लेखी, सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर करा. एखादी अट व्यवहार्य वाटत नसेल तर ती कोणती आणि का, तेही लिहा; मी मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देईन. तुमचे कनिष्ठ अभियंते, ड्रायव्हर, हेल्पर यांना दांड्याचे वजन कसे मोजायचे आणि माल कसा रचायचा हे शिकवायचे असेल तर माझे वर्कशॉप, माझा काटा आणि माझ्या ट्रॉल्या त्यासाठी मोकळ्या आहेत. कोणत्याही रविवारी सकाळी या. पैसे घेणार नाही.

आपला,
कुर्ल्यातील एक ट्रॉली कारागीर